आक्काच्या डब्यातली राख

आमच्या सरांनी एके सकाळी प्रयोगशाळेतल्या डायक्लोरोमिथेनच्या सगळ्या बाटल्या कपाटात घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांचा या द्रावकावाचून घास उतरत नाही. रसायनं विरघळवायला तेच, वेगळी काढायला तेच, भांडी विसळायलाही तेच. वासानं डोकं धरतं आणि वापरून झाल्यावर ओतायचं कुठे, हा प्रश्न उरतो. सर म्हणाले, "इथून पुढं पाणी. फारच अडलं तर लिंबाचा रस."

बेळगावातल्या त्या कॉलेजात मग दारूबंदीच्या गावात जे चालतं तेच चालू झालं. सीनियर मंडळींनी बाहेरून मिळवलेली एक बाटली फिनेलच्या रिकाम्या कॅनमागे दडवली. सर दुपारी येऊन एकेकाचे हात हुंगायचे. मी निरागस चेहरा करून रांगेत उभी राहायची. फिनेलच्या कॅनची जागा मीच सुचवली होती.

पण ती लबाडी माझ्या कामाची नव्हती. माझा विषयच असा होता की आपल्या भागातल्या टाकाऊ वस्तूपासून उत्प्रेरक तयार करायचा. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवून देऊन स्वतः पंगतीला न बसणारा मध्यस्थ. केळीच्या सालीची राख जगानं आधीच वापरून टाकली होती. मी निपाणीजवळच्या खेड्यातली. आमच्याकडे तंबाखूचं पीक निघालं की रानात खोडं उरतात, ती वाळवून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालतात. त्या राखेत पोटॅश हा क्षार भरपूर, आणि मला तोच हवा होता. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की मैत्रिणींना कॅन्टीनमध्ये चहा पाजला.

रविवारी घरी गेले आणि परसातल्या धुण्याच्या दगडाजवळच्या पत्र्याच्या डब्यातून पिशवीभर राख घेऊन आले. चुलीपर्यंत वाकायचा कंटाळा केला, एवढंच. डबा होता आक्काचा. आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पण घरात सगळेच तिला आक्का म्हणतात. घरात भांडी घासायचा साबण आहे, पण तो आमच्यासाठी. आक्का राखेनंच घासते, आणि तिची पातेली अशी चकाकतात की शेजारीण कुंपणावरून पाहून उसासे टाकते.

राख पाण्यात रात्रभर भिजवली, गाळली. त्या पाण्यात बेन्झाल्डिहाइड आणि असिटोफिनोन ही ज्यांचं लग्न लावायचं ती दोन रसायनं घातली. बेन्झाल्डिहाइडला आइस्क्रीममधल्या बदामाच्या इसेन्ससारखा वास येतो. तासाभरात तो वास विरला आणि तळाशी पिवळेधमक स्फटिक बसले, म्हणजे लग्न जमलं. ना विकतचं द्रावक, ना उष्णता. सर चष्मा वर करून म्हणाले, "यप्पा!" आणि फ्लास्क हातात घेऊन शेजारच्या फिजिक्सवाल्यांना दाखवून आले. ते त्यात काय बघणार होते कोण जाणे.

मग सर म्हणाले, आता पद्धतशीर करू. मी खोडं आणली, धुतली, वाळवली, भट्टीत ठरलेल्या तापमानाला जाळली. स्वच्छ, करडी, शास्त्रशुद्ध राख तयार झाली. आणि काही म्हणता काही होईना. बदामाचा वास दिवसभर प्रयोगशाळेत ठाण मांडून बसला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी सरांनी फ्लास्ककडे न बघता माझ्याकडे बघितलं.

प्रबंध सादर करण्याआधीचा सेमिनार पंधरा दिवसांवर आला होता. बाहेरून एक तज्ज्ञ येणार होते, आणि सरांनी त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं की आमची मुलगी तुमच्यासमोर प्रयोग करून दाखवेल. माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि अर्धा प्रबंध त्या राखेवर उभा होता. मी घाबरले होते. खोटं काय सांगायचं, रात्री झोप लागत नव्हती.

पहिली राख तेवढी आक्काच्या डब्यातली होती, हे आठवलं आणि तडक गाव गाठलं. आक्काला विचारलं, "डब्यातल्या राखेत काय असतं?"

"राख ती राख. तिला काय कागदपत्रं लागत्यात व्हय?"

"दुसरं काही घालतेस?"

"न्हाय गं बाई," म्हणाली आणि लगेच मांजराला हाकलायला गेली. मांजर तिथं नव्हतंच.

सकाळी मी न्हाणीच्या दाराआड उभी राहिले. आक्का आली. तिनं कुंपणापलीकडे पाहिलं, मागं पाहिलं, मग सरपणाच्या ढिगाआडून एक गाडगं काढलं आणि त्यातला भिंतीला लावून उरलेला चुना मूठभर घेऊन डब्यात टाकला. काठीनं ढवळलं.

"आक्का!"

"वरडू नगंस!" ती दचकून म्हणाली. "तिकडं ऐकू जाईल. ती बाई वीस वर्सं इचारतीय, मी सांगितलं न्हाय. तू बी कुणाला सांगायचं न्हाय. शपथ घे माझी."

मी घेतली. त्या घडीला मी कशाचीही शपथ घेतली असती. राखेच्या पाण्यात चुना पडला की कॉस्टिक पोटॅश तयार होतो, साध्या राखेपेक्षा कितीतरी जहाल. माझी शास्त्रशुद्ध राख नुसतीच राख होती. मला हसू आलं. मग आक्कानं शपथेसाठी माझा हात धरला तेव्हा तिचे तळवे नीट पाहिले. रेघा जवळजवळ पुसून गेल्या होत्या. आम्ही सगळे ते वयामुळे झालं असं समजत होतो. घरात रसायनशास्त्र शिकणारी मुलगी असून मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

बेळगावला येऊन सरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे कॉस्टिक पोटॅश! अहो, हे तर आमच्या गुरूंच्या गुरूंनाही ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग शांतपणे म्हणाले, "शीर्षकातला 'नवा' शब्द काढा. आणि कृतीत चुना लिहा."

मला आक्काची शपथ आठवली. मी म्हटलं, "सर, 'पारंपरिक चूर्णरूप पूरक' असं लिहिलं तर?"

"चुना लिहा. लोकांना लावू नका."

सेमिनारच्या दिवशी तज्ज्ञांसमोर पिवळे स्फटिक वेळेवर खाली बसले. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला, दोनदा मान हलवली आणि विचारलं, "चुना घालायचं तुम्हाला कसं सुचलं?"

उत्तर तयार होतं: जुने संदर्भ चाळताना. सरसुद्धा त्याच अपेक्षेनं बघत होते. एवढं म्हटलं असतं तर आक्काची शपथ निदान वरवर राहिली असती आणि माझी हुशारीही. पण माझ्या तोंडून निघालं, "मला नाही सुचलं. आमच्या आक्काला सुचलं. ती भांडी घासते त्यानं."

हॉलमध्ये हशा झाला. तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. "मग यात तुमचं काय?"

"खोडं टाकाऊ होती, ती कामाला आली. द्रावक म्हणून पाणी वापरलं. का चाललं आणि का बिघडलं, ते मोजून लिहिलं. बाकी तिचं."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. प्रबंधातलं प्रकरण राहिलं, शीर्षक आखूड झालं.

पुढच्या रविवारी प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांचा एक खोका घेऊन घरी गेले. आक्का दगडाजवळ बसली होती. तिच्या हातात मोजे चढवता चढवता कबूल केलं की शपथ मोडली, चार लोकांसमोर सांगितलं आणि आता ते छापूनही येईल. ती संतापेल म्हणून घाईनं पुढचंही सांगून टाकलं, "पण तुझं गुपित तसं काही गेलं नाही. सर म्हणाले, मोठमोठ्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे."

आक्कानं मोज्यातली बोटं उघडमीट करून पाहिली.

"ठाऊक हुतं व्हय? मग तुम्ही सगळी शिकल्याली माणसं तीन वर्सं काय करत हुतासा?"

मी दुसरी जोडी हातात घातली आणि करपलेलं दुधाचं पातेलं पुढं ओढलं.