धागे कापणारी अंगणवाडीची ताई

कॅम्प तीनच्या बाजारात शिंप्याकडे नातवाची पँट आखूड करायला गेले होते. दुकानाशेजारी एक बाई उंबऱ्यात बसून नव्या जीन्सचे लोंबते धागे कापत होती. तिची तीन वर्षांची मुलगी अजून बोलत नव्हती, आणि नेमके त्याच दिवशी अंगणवाडीत कान तपासणारे डॉक्टर आले होते.

अंगणवाडीची ताई बोलवायला आली, तर बाई म्हणते, "टाइम कुठाय ताई? सेठचा माणूस माल उचलायला येतोय."

ताईने पदर खोचला, फतकल मारली आणि तिच्या हातातली कात्रीच काढून घेतली. "धागे मी कापते. डॉक्टर काय रोज येतात? पळ तू!"

नुसती समजावत बसली असती ना, तर ती बाई जागची हलली नसती; आता लेकीला घेऊन पळालीच.

मग ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, बघताय काय? ती दुसरी कात्री घ्या."

घेतली की मी! कापता कापता ताईने जाणाऱ्या एका पोराला ओढून त्याचं नाक पुसलं, तेही त्याच्याच शर्टाने.

बाई लेकीला कडेवर घेऊन धावतच परत आली. "कान ठीक आहेत, ताई! चार पोरांत बसवा, बोलेल म्हणाले."

"मग उद्यापासून सकाळची ही माझ्याकडे," ताई म्हणाली. बाईने हसत मान हलवली.

ताईने माझा ढीग न्याहाळला. "आजी, हात चांगलाय तुमचा. उद्याही येता धागे कापायला?"

आणि तिकडे दुसऱ्या गावात, अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहणारी मी, चक्क हो म्हणून बसले!