वरच्या वहिनींची डबाभर पदवी

साऱ्या तोक्योत रिकाम्या डब्याला घाबरणारी एकच बाई होती, आणि ती हिगाशी-कसाई भागात आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहायची. आयटीवाल्यांची बिऱ्हाडं तेव्हा एकामागून एक येत होती. इमारतीत नव्या कुकरची शिट्टी झाली रे झाली की तासाभरात या वहिनी थालीपिठांचा डबा घेऊन दारात हजर! आपण तो घासूनपुसून परत करावा, तर त्या झाकण उघडून आत डोकावायच्या. रिकामा दिसला की म्हणायच्या, "निदान चिमूटभर साखर तरी घालायची गं!" आपले डबे मात्र त्यांच्याकडून भरूनच यायचे, फक्त सगळे कधीच यायचे नाहीत. "एक डबा नेहमी मध्ये अडकलेला हवा, म्हणजे येणंजाणं राहतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

एकदा त्यांनी आइस्क्रीमचा डबा भलत्याच वारी कचऱ्यात टाकला. इमारतीचे म्हातारे केअरटेकर तो हातात धरून, वाकून वाकून, कुठला कचरा कुठल्या वारी हे समजावायला वर आले. वहिनी तेव्हा नवीन होत्या, जपानी कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की बिचारे आजोबा आपला डबा परत द्यायला जिने चढून आलेत. त्यांनी तो चिवड्यानं भरला आणि आजोबांच्याच हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच डबा संत्री भरून परत आला. "बघ, माणूस घरंदाज आहे," वहिनी म्हणाल्या.

अशा या बाईच्या मनात एक सल होता. लग्नात कॉलेज सुटलं ते सुटलंच, शिक्षण काय तर बारावी पास. इथे आल्यावर लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवून त्या सायकल दामटत दोन वर्षांची पदवी देणाऱ्या एका छोट्याशा कॉलेजात जाऊ लागल्या. हुशार इतक्या, की तिथले काही विषय राहिले असतानाच शिक्षकांनी त्यांना मोठ्या विद्यापीठात धाडलं. तिथे वर्ष झालं आणि भाऊजींची मुंबईला बदली आली. धड इथली पदवी नाही, धड तिथली नाही! लेक जेवताना जपानीत विचारून बसली, "आई, तू कधीच पास होणार नाहीस का?" वहिनी तिच्यासमोर हसल्या, आणि खाली माझ्या ओट्याशी येऊन रडल्या. "बारावी पास आले, बारावी पासच जाणार गं मी."

आणि अचानक त्या छोट्या कॉलेजच्या ऑफिसातल्या मोरी-सान बाईंचा फोन आला. विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट्स इकडे पाठवा, आमच्या राहिलेल्या विषयांच्या जागी ती धरू, दोन वर्षांची पदवी आम्ही देऊ. दुसरी कुणी नाचली असती. वहिनी अडून बसल्या. "त्यांना अर्ध्यात सोडून गेले, शिकले दुसरीकडे, आणि आता मागायला त्यांच्या दारात? कुठल्या तोंडानं जाऊ?" मी दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. "अहो वहिनी, डबा त्यांचाच होता ना? तो घेऊन तुम्ही मोठ्या घरी गेलात, तिथे भरलात. मग आता परत द्यायचा नाही?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "अगंबाई! खरंच की." आणि सायकलची किल्ली शोधू लागल्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसातच छोटासा समारंभ झाला. मोरी-सानांनी पदवी दोन्ही हातांनी दिली, वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तितक्याच गंभीरपणे पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून त्यांना दिला. एरवी जपानीशिवाय तोंड न उघडणारी त्यांची लेक मराठीत ओरडली, "आई पास!" वहिनी ढसाढसा रडल्या, मीही रडले, आणि मोरी-सान डबा छातीशी धरून वाकतच राहिल्या.

जाताना वहिनींनी माझे सगळे डबे भरून परत केले. आईनं दिलेला कडीचा स्टीलचा डबा तेवढा त्यांच्या बॅगेत जाताना मी पाहिला, आणि बॅगेची चेन मीच ओढून दिली. वर आता दुसरं बिऱ्हाड आलंय. कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि उगाच माझं लक्ष दाराकडे जातं. वहिनी मुंबईत शिकवतात, वेळ मिळाला की फोन करतात. ठेवताना न चुकता म्हणतात, "तुझा डबा माझ्याकडे आहे हं."

"असू दे वहिनी," मी म्हणते. "राहू दे तुमच्याकडेच."