भाजलेलं बी

आज सूनबाईनं परसात आळी केली आणि भोपळ्याचं बी माझ्या हातावर ठेवलं. ओल्या मातीचा वास सुटला होता. मी बी तिला परत दिलं. का दिलं, ते आता सांगून टाकतो.

निजामाचा अंमल होता, मी विशीतला होतो. माकणीची वहिनी लग्न होऊन तेरला आमच्या घरी आली, ती माहेरचं भोपळ्याचं बी घेऊन. ते तिनं गोवरीत थापून भिंतीला लावून ठेवलं होतं. माघातल्या एका सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला मी नेमकी तीच गोवरी जाळली. मला बोलणी बसतील म्हणून आईनं माझ्यादेखत खायला भाजलेल्या भोपळ्याच्याच बिया ताज्या शेणात थापल्या आणि भिंतीला लावून टाकल्या.

फाल्गुनात वहिनीनं आळी खणली, राख मिसळली, बी लावलं. पंधरा दिवस ती तांब्यानं पाणी घालायची आणि वाकून माती बघायची. काहीच उगवलं नाही.

"हिच्या हातालाच गुण न्हाय," आई शेजारणींसमोर म्हणाली. मी तिथंच भाकरी खात बसलो होतो.

पुढं वहिनीला मूल झालं नाही, तेव्हाही आईनं तेच वाक्य काढलं. वहिनीनं पुन्हा कधी मातीत बी टाकलं नाही. दर फाल्गुनात आळी तयार करून ती मला हाक मारायची, "भावजी, तुमीच टाका. तुमच्या हाताला लई गुण हाय."

ती होती तोवर मी टाकत राहिलो. वेल मांडवभर जायचे, आणि पहिल्या भोपळ्याची भाजी ती आधी माझ्या ताटात वाढायची.