हायड्रोजनच्या इंजिनाला मामांनी दिलेले दोन थांबे

माझ्या मामांवर अन्याय झाला तो रविवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, लोहाऱ्यातल्या एका कम्प्युटर क्लासात. मी तिथेच होते, म्हणून मिनिटासकट सांगते.

क्लास रविवारी बंद असतो. तेव्हा आम्ही सातआठ जण तिथे रेल्वेचा गेम खेळतो. क्लास चालवणारे सर आमचे पंच. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या, त्यामुळे त्यांनी गेमलाही नियमावली आणि रजिस्टर लावलंय. त्या दिवशीची शर्यत अशी: पुढच्या काळातलं हायड्रोजनचं इंजिन, मागे अठ्ठावन्न डबे कोळसा, वणी ते नागपूर. आम्ही सगळे सुसाट गेलो. मामा वाटेत दोनदा थांबले, दर वेळी वीस मिनिटं, आणि शेवटचे आले. सरांनी लिहिलं, "विनाकारण थांबा. फेरी बाद."

"मामा, चहा प्याले उतरले काय?" कोणीतरी म्हणालं. सगळे फिदीफिदी हसले.

"हायड्रोजन भराले," मामा म्हणाले.

"पण गेमनं मागितलं कुठे?" सर.

"गेम कायले मागन? टाकीचा काटा पाहा ना सर. वणीले होता तिथंच नागपूरले. असं इंजिन मले द्या बाप्पा, जल्मात पंपावाल्याचं तोंड नाही पाहाचं!"

मामांनी बावीस वर्षं पांढरकवड्याहून ट्रक चालवला. कंबर गेली म्हणून आता घरी असतात. दाबून भरलेल्या गॅसचे सिलिंडर त्यांनी वाहिलेत. गाडीभर लोखंड आणि त्यात गॅस चिमूटभर, हे त्यांना ठाऊक आहे. हायड्रोजन तर त्याहून जास्त जागा खातो. गेमच्या माहितीत टाकीचा आकार दिला होता. तो वाचायची तसदी आमच्यातून फक्त मामांनी घेतली, आणि दोनदा भरल्याशिवाय एवढा कोळसा नागपूरला पोचत नाही, असं ठरवलं. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून न्यायचे, तेव्हा मुक्काम कुठे पडणार हे बैलांच्या तहानेवर ठरायचं. मामांना हे कोणी शिकवलं नाही. आणि अशा माणसाला "विनाकारण"?

मी तडक पत्रक काढलं. मागे अंगणवाडीच्या गळक्या छपरासाठी काढलं होतं, तसंच. मथळा: "फुकटात पळणाऱ्या इंजिनाचा निषेध". वीस प्रती, त्यातली एक क्लासच्या दारावर.

"काहून छापत बसली वं?" मामा वैतागले. "लोक म्हणतीन, मामा रडून राह्यला."

"रडत नाही, हक्काचं मागतोय."

पुढच्या रविवारी सरांनी पत्रक वाचलं, लाल पेनानं त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाले, "इंधन खर्च होईल अशी सोय गेममध्ये आहे. चालू करून पाहू."

मी अर्ध्या वाटेत बंद पडले. पत्रक मीच लिहिलेलं, तरी वाटलं होतं, जाईल अजून थोडं. एकेक करून सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. मामांची तेवढी चालत होती. आम्ही खुर्च्या ओढून त्यांच्यामागे बसलो. कोणी आलूबोंडे आणले. दुसऱ्या थांब्यावर टाकी भरत होती, तेव्हा मामांनी निवांत दोन खाल्ले आणि वर मिरची मागितली. कोणाला घाई नव्हती. माझा सगळा वेळ रागात जातो, पण त्या वीस मिनिटांत मला कोणाचाच राग आला नाही.

मामा पोचले. एकटेच. सरांनी नवा नियम लिहिला. मागचं "बाद" मात्र खोडेनात. म्हणे, नोंद ती नोंद.

"राहू दे ना बाई," मामा म्हणाले. "गाडी पोचली ना."

मी राहू देणार नाही. सरांशी मी भांडते. तुम्ही, हे वाचणाऱ्यांनी, एवढं करा: तुमच्या गेममधलं न संपणारं इंधन बंद करा. आजच, पुढची गाडी सोडायच्या आधी.