उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रिय बाळांनो,

तुमच्या आईचं पत्र आलं. तिथल्या चर्चमध्ये शिक्षिकेने तुम्हा दोघांना दम दिला म्हणे. सगळी मुलं डोळे मिटून, हात जोडून उभी आणि तुम्ही दोघं टक्क उघड्या डोळ्यांनी. धाकटी म्हणाली, "आमच्या घरी असंच करतात." का, ते तिला सांगता आलं नाही. तुमच्या आईलाही सांगता येणार नाही. ज्या दिवशी हे सुरू झालं, त्या दिवशी ती दोन वर्षांची होती आणि तोंडात कच्चे तांदूळ धरून हसत होती. त्या दिवशी दारात उभी असलेली माणसं गेली, तुमचे आजोबा गेले, आता उरले मीच. उजवा हात थरथरायला लागला आहे. अक्षर ओळीत राहतंय तोवर लिहून ठेवते. क्रमाने वाचा. मधलं वाईट आहे, पण ते गाळू नका.

लग्नानंतर तुमच्या आजोबांची नेमणूक शहापूर आणि मुरबाडच्या मध्ये, गाडीवाटेवरच्या एका गावात झाली. ते मुलांना शिकवत आणि रविवारी उपासना घेत. मी इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली, वर दोन वर्षं इस्पितळात मलमपट्टी शिकलेली, म्हणून दवाखाना माझ्याकडे. दवाखाना म्हणजे पडवीतलं एक कपाट आणि एक बाक. वाटलं होतं, ताप, खरूज, बाळंतपणं येतील. तीही आली, पण सगळ्यात जास्त आला तो मार. जंगलातून सागाची फांदी आणली म्हणून रखवालदाराने फोडलेली पाठ. वेठीला गेला नाही म्हणून जमीनदाराच्या माणसाने फाडलेला कान. नवऱ्याने दारात चेंगरलेली बोटं. वर्षभरात मला वळ वाचता यायला लागले. वेताचा वळ बारीक असतो, चामड्याचा रुंद, आणि बांबूचा मधे पांढरा, दोन्ही कडांना लाल. तुमचे आजोबा शाळेत छडी वापरत, तीही यातच धरते. त्या मुलखात मारणं आणि मार खाणं हे पेरणी-कापणीसारखं चालायचं, आणि आम्ही तिथे प्रेमाची सुवार्ता घेऊन गेलो होतो.

माझी आई रोज भाताचं आधण ठेवलं की मोजून घेतलेल्या तांदळांतून एक मूठ काढायची, डोळे मिटून ओठांत प्रार्थना करायची आणि ती मूठ फळीवरच्या मडक्यात टाकायची. शनिवारी ते तांदूळ एखाद्या उपाशी घरी जात. देतानाही तसंच, समोरच्याच्या पदरात मूठ सोडायची, डोळे मिटायचे, त्या घरासाठी मनात दोन शब्द देवाला सांगायचे. आमच्या लोकांत पुष्कळ घरी हा रिवाज होता. माहेरून मी आणलं ते एवढंच, एक मडकं आणि ही मूठ.

भात कांडायला आमच्याकडे वाडीवरची एक विधवा येई. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही. तोंडाची फटकळ. मला उखळाशी झगडताना पाहून म्हणाली, "बाय, तुमाला इंग्रजी येतं, पन मुसळ धरता येत नाय."

"तू दाखव मग."

"हातानं काय मारताव? कमरेनं मारायचं. हात नुसता धरायला."

तिने मला मुसळ धरायला शिकवलं. मी तिला काय शिकवलं, ते आता येतं. मडक्यात मूठ पडताना ती रोज बघायची. एके दिवशी विचारलं, "डोळे मिटून काय पुटपुटताव?" मी सांगितलं, कोणासाठी मागते ते. ती हसली नाही. काही दिवसांनी मजुरीच्या कण्यांतली चिमूट तिने स्वतः बाजूला काढली, डोळे मिटले आणि ओठ हलवले. मला एवढा आनंद झाला की त्याच दिवशी मी आईला पत्र लिहिलं. तिला ख्रिस्ती करावं असा माझा आग्रह नव्हता. पण शिकवलेलं रुजलं याचा गर्व मात्र होता. तो लपवत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. भातं कापून खळ्यांवर आली आणि वाडीवर हिवताप उठला. क्विनाइन मिळेनासं झालं होतं. कपाटातली शेवटची पुडी मी एका बाळंतिणीला दिली, आणि दुसऱ्याच दिवशी कांडणारी सांगत आली की तिच्या शेजारच्या घरात पाच वर्षांचं पोर तापाने फणफणलं आहे. मी जाऊन पाहून आले. ओल्या फडक्यांखेरीज माझ्याकडे काही नव्हतं. रिकाम्या हाताने राहणं मला जमेना. मी मडक्यातले तांदूळ पदरात घालून तिला त्या घरी पाठवलं आणि वर सांगितलं, "देताना डोळे मीट. पोरासाठी माग."

तिने तसंच केलं. उंबऱ्यात उभं राहून, पोराच्या आईच्या सुपात मूठ सोडून, डोळे मिटून ओठ हलवले. एकदा नव्हे, तीन दिवस. पोटच्या पोराविना राहिलेली बाई दुसऱ्याच्या पोरापुढे डोळे मिटून दाण्यांवर काही पुटपुटते, याचा त्या वाडीवर एकच अर्थ होता. हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर दहा जणांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण शिकवणारी मी होते.

क्विनाइनचं पार्सल आटगाव स्टेशनावर येणार होतं. तुमचे आजोबा पहाटे चालत निघाले. सकाळी पोर गेलं.

दुपारच्या आत वाडीच्या भगताने, त्यांच्या देवऋषीने, सुपात दाणे टाकून कौल घेतला आणि त्यात विधवेचं नाव निघालं. भुताळी. पोर खाणारी.

मी पडवीत पट्ट्या गुंडाळत होते. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग ती दिसली. बांधावरून पडत-उठत येत होती. लुगडं फाटलेलं, अर्धे केस मुळापासून उपटलेले, तिथली कातडी उघडी. एक डोळा सुजून बंद. पडवीची पायरी तिने हातांनीच चढली आणि मला ओलांडून आत जाऊन मडक्याच्या फळीखाली अंग चोरून बसली.

मागून दहा-बारा माणसं आली, बायकाही होत्या. पुढे पोराचा बाप, हातात हिरवा बांबू. मी दारात उभी राहिले.

"बाय, बाजूला हो," तो म्हणाला. "तुजं काय नाय यात."

"ती माझ्या घरात आहे."

"आमची हाय ती. आमचं आमी बघू."

मी बोलत राहिले. ताप डासांपासून येतो, माणसाच्या नजरेने नाही. माझं शुद्ध मराठी त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखं गेलं. मग मला जे शिकवलं होतं ते मी केलं. हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत देवाला हाक मारली.

"बघा, बघा!" पोराची आत्या किंचाळली. "ही पन तेच करते!"

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. डोळे उघडले तोवर दगड आला. भिवईच्या वर लागला. तुम्ही लहानपणी माझ्या कपाळावरच्या खाचेत बोट घालायचात, ती ही खाच. रक्त डोळ्यात उतरलं. दार धरून मी ओरडले, "तिचा नाही, माझा आहे तो मंतर! मी शिकवला तिला. दाणे माझ्या मडक्यातले आहेत. मारायचं तर मला मारा."

ते थबकले. पण बाप थांबला नाही. मला खांद्याने ढकलून तो आत शिरला, तिचे उरलेले केस मुठीत धरून तिला उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं आणि बांबू हाणू लागला. पाठीवर, मानेवर, तोंडावर. त्याचा तोल जात होता. तो रडत होता आणि मारत होता. दुसरा गाल पुढे करायला शिकलेली मी. पण गाल माझा नव्हता, तिचा होता. उखळ दाराशी होतं. मी मुसळ उचललं आणि कमरेतून मारलं.

मनगट मोडल्याचा आवाज वाळक्या काटकीसारखा होता. बांबू खाली पडला. तो त्याच्यावरच बसला आणि मोडलेला हात छातीशी धरून पोराला हाका मारू लागला.

दोन गडी पुढे सरसावले. पोराचा आजा इतका वेळ मागे उभा होता. तो म्हणाला, "थांबा रे. बाय म्हणते दाने तिचे. मंग खाऊन दाखव, बाय."

मी मडकं खाली घेतलं. ओंजळ भरून कच्चे तांदूळ चावले. तोंडात तांदूळ आणि रक्त एकत्र झालं.

"तू नको," आत्या म्हणाली. "मोठ्या बायला काय व्हतंय? पोरीला घाल."

तुमची आई आतल्या खोलीत झोपली होती. गलक्याने उठून दारापर्यंत आली होती. बाळांनो, इथे मी थांबले. इस्पितळात शिकलेली मी, तांदळात तांदळाखेरीज काही नसतं हे पक्कं जाणणारी मी, थांबले. गावात ताप होता. ती उद्या आजारी पडली तर? भगताच्या दाण्यांवर माझा विश्वास नव्हता, पण तेवढ्या वेळापुरता माझ्या मडक्यावरही राहिला नाही. उंबऱ्यात ती बाई रक्तात पडून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मी किती वेळ थांबले ते तिने पाहिलं.

मग मी चार दाणे तुमच्या आईच्या तोंडात घातले. प्रार्थना केली, पण डोळे उघडे ठेवून आणि मोठ्याने, सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू जाईल असं. "देवा, हे तांदूळ आहेत. ही माझी मुलगी आहे. गेलेलं पोर तुझ्याजवळ आहे. या बाईने काही केलेलं नाही." तुमच्या आईने दाणे चघळले आणि एवढी माणसं बघून हसली.

आजा म्हणाला, "पाच दिस बघू." आणि माणसं पांगली.

बाप तसाच बसून होता. उठवलं तरी उठेना. मी त्याच्याच बांबूच्या चिपा काढून मनगटाला बांधल्या. आत ती कण्हत होती आणि इथे तिला मारणारा हात मी सरळ करत होते. आधी तिच्याकडे जायला हवं होतं. दवाखान्याची सवय, जो पुढ्यात येईल तो आधी. त्याने मान वर न करता विचारलं, "बाय, आवषद नव्हतं का?"

"नव्हतं."

"मंग तांदूळ कशाला पाठवलंस?"

मी चिपांवरची गाठ आवळली.

तुमचे आजोबा दिवस मावळायच्या आत पार्सल घेऊन परतले. पडवीतलं रक्त, माझं कपाळ आणि उंबऱ्याशी पडलेलं मुसळ पाहून त्यांनी विचारलं, "कोणी मारलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले. "मीसुद्धा."

ते पुड्या घेऊन वाडीवर गेले आणि प्रत्येक दारात उभं राहून, डोळे उघडे ठेवून, औषध दिलं. त्यांना मी तेवढंच सांगितलं होतं.

पाच दिवस मी तुमच्या आईचं कपाळ चाचपत राहिले. तिला साधी शिंकही आली नाही. सहाव्या दिवशी आजा येऊन अंगणात उभा राहिला, पोरीला खेळताना बघितलं आणि माघारी गेला. त्यानंतर त्या बाईवर कोणी हात उचलला नाही. तिला वाडीवर मात्र कोणी परत घेतलं नाही. तिच्या जमिनीच्या तुकड्यात दिराने नांगर घातला. एक डोळा गेला तो गेलाच. ती आमच्याकडेच राहिली. तुमच्या आईला तिने मांडीवर वाढवलं.

पुष्कळ महिन्यांनी उखळाशी बसलेली असताना ती एकदाच म्हणाली, "बाय, तुमी थांबला होतात."

"हो."

"मी असते तर मी पन थांबले असते." आणि मग, पदर तोंडावर धरून, "पन मुसळ बरं मारलात. कमरेनं."

हसावं की रडावं ते मला कळलं नाही. ती मात्र हसत होती, तोंड वाकडं करून, कारण गालाचं हाड नीट जुळलं नव्हतं.

पोराच्या बापाचं मनगट वाकडंच जुळलं. कापणीच्या वेळी तो विळा डाव्या हाताने धरायचा, आणि माझ्या दारावरून जाताना मान फिरवायचा. पुढे कधीतरी त्याची बायको तापाने पडली, तेव्हा दवाखान्यात तिला पाठीवर घेऊन आला. मी आधी क्विनाइन दिलं, मग तांदूळ. दोन्ही देताना मोठ्याने बोलले. त्याने ऐकून घेतलं.

मडकं गावातून निघताना फुटलं. मुसळ वाळवीने खाल्लं. ती बाई तुमच्या आईच्या लग्नाआधी गेली. जिथे तिला पुरलं तिथे आता रस्ता झाला आहे.

मूठ राहिली आहे, आता डब्यात पडते. आपल्या घरात प्रार्थना मोठ्याने होते, आणि ती करताना कोणी डोळे मिटत नाही.