पाटावरचा लॅपटॉप

माझं माहेर हरमलचं. पौषात बायका रात्री गाणी म्हणत धालो नाचायला मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात जमल्या की पहिला सूर माझ्या आईचाच. एका वर्षी मी तिची गाणी मोबाइलवर टिपली आणि लॅपटॉपमध्ये घालून ठेवली. पुढे तो मोबाइल बिघडला, मग आईही गेली. तिचा आवाज उरला तो एवढ्या एका लॅपटॉपात. आणि तो कसा, तर चालू करून चहा प्यावा, कप विसळून यावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे.

भावाने सुचवलं, विंडोज काढून लिनक्स घाल, जुनं यंत्रही पळायला लागतं. त्याने पेनड्राइव्ह तयार करून दिला आणि वर उपदेश, "भियू नको, वाचीत जा."

मी वाचत गेले. भाषा निवडली, वायफाय जोडलं, स्वतःवरच खूश झाले. मग विचारणा आली: डिस्क पुसून लिनक्स घालायचं का? म्हटलं, पुसा की! छपराचे नळे बदलले म्हणून घरातलं सामान थोडंच जातं? मी बटणाकडे बोट नेलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. खंडेनवमीचा दिवस. कोयता, विळी, माझ्या शिवणाची कात्री, सगळं त्यांनी पुजेला पाटावर मांडलं होतं.

"ह्याचेर बघून तू ब्लाउजां शिवता न्ही? मागीर ह्याकाय पुजा जाय," म्हणत त्यांनी वायर काढली. बॅटरी कधीचीच मेलेली, पडदा काळा झाला. लॅपटॉप कोयत्याशेजारी जाऊन बसला, डोक्यावर कुंकू आणि झेंडू.

"अहो, अर्ध्यावर आलं होतं!"

"आता ताका हात लावू नाका. फाल्या काड."

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सासरच्या मये गावात लिनक्स घालायला निघालेली मी, आणि माझी सगळी विद्या पाटावर! दिवसभर मी तोंड फुगवून होते.

दसऱ्याला भाऊ सोनं द्यायला आला. त्याच्यासमोर मी ऐटीत पुन्हा त्याच पानापर्यंत गेले. त्याने माझा हातच धरला.

"गो, ह्या दाबलंस तर सगळा पुसान जातला! आवयची गाणी खंय आसत?"

मी बोट मागे घेतलं. कालच ती गेली असती. लिनक्स न घालताही पेनड्राइव्हवरून चालतं, हे त्यानेच दाखवलं. तसंच चालवून आधी गाणी त्याच्या मोबाइलवर घेतली, मग मी बटण दाबलं आणि गाणी परत लॅपटॉपमध्ये घातली. आता लॅपटॉप चहाला उसंत देत नाही.

मी सासूबाईंच्या पाया पडले. "किदें जालां गो?" त्या तांदूळ निवडत होत्या. काय झालं ते मला धड सांगता येईना, म्हणून गाणंच लावलं. आईचा आवाज स्वयंपाकघरात घुमला.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि सरकून शेजारी जागा केली.

"विहीणबाय आयल्या," त्या म्हणाल्या.