घंटेला पडलेलं गोळीचं भोक

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर लांबीचा तुकडा. परतूरच्या मुलींच्या शाळेत मी शिकवायला आले तेव्हा तो कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला होता, आजही तिथेच आहे. त्याला दोन भोकं. एकातून तार ओवलेली, दुसरं रिकामं. त्या रिकाम्या भोकात बोट घातल्याशिवाय आमची एकही मुलगी पाण्याच्या टाकीकडे जात नाही. ही खोड त्यांना मी लावली.

तसा इतिहास माझा विषय नव्हे. मी मराठीची. पण ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात इतिहास पडतो, तसा तो माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच आठवड्यात सातवीला मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाबद्दल सांगत होते. दुपारचा तास. निम्म्या मुली पेंगत होत्या, उरलेल्या एकमेकींच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होत्या. माझा राग मुळात नाकावरच असतो. ओरडणार होते, पण तोंडातून वेगळंच निघालं. "तुमची घंटा कुठून आली माहीत आहे? स्वातंत्र्यसैनिकांनी रेल्वेचे रूळ उखडले, त्यातला तुकडा आहे तो. आणि ते रिकामं भोक पाहिलंत? गोळीचं आहे!"

वर्ग असा चिडीचूप झाला की मला माझंच कौतुक वाटलं. ठरवून थाप मारली नव्हती. रूळ उखडल्याचं कुठेतरी ऐकलं होतं, वरचं तिखटमीठ माझं. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही. जुन्या मुख्याध्यापिका बदलून गेल्या होत्या आणि मला घाई होती.

त्यानंतर ती गोष्ट माझ्या ताब्यात राहिली नाही. शाळेच्या वार्षिक अंकात छापून आली. तपासणीला आलेल्या साहेबांना मुख्याध्यापकांनी फांदी वाकवून भोक दाखवलं. दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला एक मुलगी झेंड्यापुढे उभी राहून तीच गोष्ट सांगायची, दरवर्षी एखादा शिपाई जास्त पडायचा. वीस-बावीस वर्षांनी तर ती ऐकताना मीसुद्धा गंभीर चेहऱ्याने मान डोलवायला लागले होते. आपणच रोवलेल्या दगडाला आपणच शेंदूर लावावा, तसलं हे.

गेल्या वर्षी सातवीला इतिहासाची साधनं शिकवली. 'मी सांगते म्हणून मानू नका, पुरावा मागा' हे माझं लाडकं वाक्य. ते मी फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा ओढते. दुसऱ्या दिवशी वाटूरहून एसटीने येणारी एक मुलगी उभी राहिली. हडकुळी पोर, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"मॅडम, गोळीचं भोक इतकं गोल कसं काय?"

"नेम चांगला असेल," मी म्हणाले. वर्ग हसला. ती हसली नाही.

"अन् मंग दुसरं? दोन्ही बराबर एकाच मापाचे हायेत. मी पट्टीनं मोजून आले. दोन गोळ्या अशा एका रेघंत कशा बसल्या?"

तिला खाली बसवलं. फळ्यावरच्या त्या दोन रेघा माझ्याकडेच बघत होत्या. शाळा सुटल्यावर सगळ्या गेल्याची खात्री करून मी त्या तुकड्यापाशी गेले. इतकी वर्षं त्याच्याखालून जातेय, पण नीट कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही भोकं खरोखरच सारखी. काठ गुळगुळीत. मग ही कशाची? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला प्रश्न पडला होता. घरी जाताना भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त उत्सुकता होती.

"शोध लाव," मी तिला सांगितलं. मनात म्हटलं, चार दिवसांत विसरेल.

विसरते कसली! मुख्याध्यापकांना गाठून तिने विचारलं, त्यांनी सांगितलं, अंकात वाचलं. अंक काढून बघितला, तर लेख लिहिणारीने एका भाषणात ऐकलेलं. वहीत ती बाण काढत चालली होती, प्रत्येक बाण मागे जाणारा. शेवटचा बाण कुणापाशी थांबणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मधे कोण कोण लागतंय हे बघायला मी रोज तिची वही मागून घ्यायचे. चोरानेच तपासात रस घ्यावा, अशी माझी गत.

एके दिवशी ती वही न उघडताच म्हणाली, "मॅडम, ते पहिलं भाषण माह्या आईनं केल्तं."

दोन दिवसांनी आईच शाळेत आली. पस्तिशीची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी ओळखलंच नाही. "तुमच्या पहिल्या सातवीत होते मी," ती म्हणाली आणि मला वाकून नमस्कार केला. मग स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही असं बघून हळूच बोलली.

"मॅडम, तो तुकडा माह्या बाबानं आणल्ता."

तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. छोटी लाइन काढून मोठी टाकली, तेव्हा जुने रूळ कापून स्टेशनात पडलेले. लेक पाचवीला आमच्या शाळेत आली. तेव्हाच्या घंटेची थाळी तडकलेली, मागच्या वर्गांना ऐकूच जायची नाही. बापाने साहेबाच्या मागे लागून एक तुकडा मागून घेतला आणि स्टेशनापासून खांद्यावर वाहून आणला. भोकं बोल्टांची. दोन रूळ एकमेकांना जोडायची पट्टी बसते ना, तिची.

"मी ती गोष्ट सांगितली तेव्हा तू वर्गात होतीस?"

"होते की. दुसऱ्या बाकावर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगून सांगून राह्यल्या होत्या. मधीच कसं बोलू? अन् मंग तुम्हीच मला भाषणाला उभं केलं. बाबा समोरच बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसाही घातला नव्हता. एका बापाने खांद्यावर आणलेली वस्तू मी त्याच्या लेकीच्या तोंडून, त्याच्याच समोर, दुसऱ्याच्या नावावर करून टाकली होती. मला इतकी लाज वाटली की तिच्यासाठी मागवलेला चहा मी एकटीनेच पिऊन टाकला, हेही नंतर लक्षात आलं.

मुक्तिसंग्राम दिन आठवड्यावर आला होता. मी मुलीला बोलावलं. "भाषण तूच कर. जे सापडलं ते सगळं सांग."

"सगळं?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सगळं. माझंसुद्धा."

त्या दिवशी तिचे आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, काठी गुडघ्यांमध्ये. पोर छान बोलली. छोटी लाइन, तडकलेली थाळी, बोल्टची भोकं, पट्टीने घेतलेली मापं, सगळं आलं. मुली माना वळवून घंटेकडे बघत होत्या. शेवटी ती अडखळली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोळीची गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली, याचा पुरावा मिळाला नाही."

तिची आई बावीस वर्षांपूर्वी गप्प बसली होती, आज लेक माझ्यासाठी खोटं बोलली. तेही पुराव्याबद्दल. मी खुर्चीतून उठले. माइकपाशी जाऊन म्हणाले, "पुरावा मी आहे. ती गोष्ट मी सांगितली होती, आणि ती खरी नव्हती. माझं चुकलं." मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. मुलींमध्ये कुजबुज झाली. पोर मात्र मान खाली घालून हसत होती.

कार्यक्रम संपल्यावर आजोबा एकटेच कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले. हात जोडून माफी मागितली.

"आवं, जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. त्यांनी रिकाम्या भोकात बोट घातलं, आमच्या मुली घालतात तसंच. "त्या वक्ताला पोरीचं भाषण ऐकलं अन् मला वाटलं, मी आणलेला काढून शाळंनं दुसरा तुकडा टांगला काय? चांगला, लढाईतला. मंग सगळे गेल्यावर हितं येऊन असंच बोट घालून पाह्यलं. व्हता तर माहाच."

"मग इतकी वर्षं तुम्ही कधी विचारलं का नाही?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"कोणाला इचारावं?" ते म्हणाले. "इतिहासाच्या मॅडम तर तुम्हीच व्हत्या."